गंजलेली व्हॅन दुरुस्त करायची की विकायची? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी २००७ ची ओम्नी आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मळ्यावरून पंचवटीत ये-जा करायला वडिलांनी घेतली होती. तिच्या पत्र्याचं काम आम्ही दोनदा केलं, त्यात एकदा चांगलेच फसलो. काकांकडे अगदी तशीच गाडी होती, ती मात्र मीच त्यांना विकायला लावली. तेव्हापासून नात्यातले, गल्लीतले, मळ्याशेजारचे सगळे तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उदाहरणं ओम्नीची आहेत, पण ईको किंवा व्हर्सा असली तरी बरंचसं लागू पडेल.

गाडीला जागोजागी गंज दिसतोय. गाडी संपली का?

गंज किती आहे हे नंतर बघा, आधी कुठे आहे ते बघा. दरवाज्याच्या खालच्या कडेला हाताएवढा पत्रा सडला असेल तर दिसायला भयंकर दिसतं, पण त्याने कुणाच्या जिवाला धोका नसतो. उलट मागच्या पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) शॅकल जिथे बॉडीला धरलेलं असतं तिथे रुपयाएवढं भोक असेल, तर बाहेरून चकचकीत दिसणारी ती गाडीसुद्धा रस्त्यावर आणायच्या लायकीची नाही.

ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, तशी ओम्नीला नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चेसिस. फ्लोअर, दोन्ही बाजूंचे सिल (दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या), खालचे आडवे-उभे चॅनेल हे सगळे मिळून वजन पेलतात. म्हणून मी गंजाचे दोनच प्रकार मानतो. एक अंगावरचा: दरवाजे, मागचा डिकीचा दरवाजा, टपाची गटर, बंपरमागचा पत्रा. दुसरा हाडातला: पाट्यांचे आणि शॉकअपचे माउंटिंग, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट, सिल, खालचे चॅनेल, ब्रेकचे पाइप. अंगावरच्या गंजासाठी कुणी गाडी विकायला निघालं तर मी थांबवतो. हाडातला गंज दोन-तीन ठिकाणी निघाला तर मीच विका म्हणतो, आणि तेही चालवायला नाही, भंगारात.

हाडात गंज आहे का, हे घरच्या घरी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर, लहान हातोडी, मोबाइलचा टॉर्च आणि सुट्टीची सकाळ एवढं पुरे. गाडी जॅकवर उचलून नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. शेजारच्या गॅरेजमध्ये रॅम्प असेल तर अर्ध्या तासासाठी मागून घ्या.

सुरुवात आतून करा. सीट काढा, रबरी मॅट उचला. आमच्या गाडीची मॅट तीन वर्षं कुणी उचलली नव्हती. खाली कांद्याची पातळ लाल टरफलं कुजून नमद्याला (मॅटखालच्या जाड कापडाला) चिकटली होती आणि नमदा पिळला तर पाणी निघत होतं, तेही मार्च महिन्यात. त्याखालचा पत्रा बोटाने दाबला तर पापुद्रे सुटायला लागले.

मग हातोडीने हलकेच वाजवत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला भद्द आवाज करतो, कारण आत थरावर थर चढलेले असतात. जिथे आवाज बसका येईल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अंगठ्याने दाबा. खड्डा पडला तर वरचा थर गेलाय. टोक आरपार गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही, फक्त रंग आणि गंज एकमेकांना धरून आहेत. हेच सिलच्या खाली, सरकत्या दरवाज्याच्या खालच्या रेलला आणि मागच्या पाट्यांच्या दोन्ही टोकांना करा. ब्रेकच्या पाइपवर नुसता तांबडा रंग असेल तर ठीक. खवले उठले असतील तर बाकी काहीही ठरवण्याआधी ते पाइप बदला.

सगळे दरवाजे उघडबंद करून बघा. एखादा हल्ली अचानक घासायला लागला असेल आणि बिजागऱ्या चांगल्या असतील, तर पेटी वाकायला लागली आहे. याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

नाशिकला समुद्र नाही. मग एवढा गंज येतो कुठून?

नाशिकच्या हवेत मीठ नाही हे खरं, पण आपण ते गाडीत भरतो. द्राक्षवाल्यांच्या व्हॅन आठवा. फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना, वर खताच्या गोण्या. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. पिशवीतून सांडलेले चार खडे ओल्या फ्लोअरवर विरघळले की लोखंड विरघळून त्यात जातं आणि त्याच्या जागी तांब्याचा पातळ तांबूस थर बसतो. शाळेत लोखंडी खिळा निळ्या पाण्यात बुडवून दाखवतात तोच प्रयोग गाडीच्या तळाशी चालू असतो. पुढे त्या तांब्याला लागून असलेलं लोखंड ओलाव्यात आणखी वेगाने झिजतं. खतातलं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पत्र्याच्या दृष्टीने ते मीठच. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात निळसर डाग होता आणि पहिलं भोक बरोबर तिथेच पडलं.

दुसरं कारण पाऊस. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात ये-जा असेल तर चार महिने गाडीचा तळ वाळतच नाही. दरवाज्यांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की आत डबकं होतं. एका तारेने ती मोकळी करणं ही दहा मिनिटांची गोष्ट, पण तिने पत्र्याचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

तिसरं कारण गोदावरी. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरांत काठावरच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पुरातली गाडी धुऊन, वाळवून चालू होते, पण पत्र्याच्या सांध्यांत बसलेला गाळ ओल धरून ठेवतो. जुनी व्हॅन विकत घेताना सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या हातभर पट्टीवर मातीची रेघ आहे का ते बघा. तेवढी पट्टी धुवायचं कुणाला सुचत नाही.

मुंबई-ठाणे-रायगड पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून घाटाखालून आणणारे बरेच आहेत. आणा, पण खालून बघितल्याशिवाय नाही. खाऱ्या हवेत दहा वर्षं काढलेल्या पत्र्याची तुलना एमएच-१५ च्या, म्हणजे नाशिक पासिंगच्या गाडीशी करू नका.

पेंटर म्हणतो, 'लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो, नवीन दिसेल.' करू का?

नका करू. आम्ही केलं होतं. एका गॅरेजमध्ये दोन्ही सिल आणि डावा दरवाजा करायला दिला. आठ दिवसांत गाडी अशी आली की वडिलांनी पेढे वाटले. पुढचा पावसाळा संपता संपता सिलवर फोड आले, मटारच्या दाण्याएवढे. एक फोड नखाने उकरला तर बोटभर जाडीची लांबी सुटून हातात आली. मागे सडका पत्रा तसाच, आणि भोकात चक्क वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. तो बोळा वर्षभर पाणी पीत होता.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो वरचा रंग आतून उचलतो आणि कुठलीही लांबी त्याला दाबून ठेवू शकत नाही. कापून काढायला हवं ते झाकलं तर फक्त तारीख पुढे जाते, आणि तोवर हाडापर्यंत पोहोचलेलं असतं.

मग योग्य काम कसं ओळखायचं?

डेंटर (पत्र्याचं काम करणारा) आधी कापायचं बोलतो की आधी भरायचं, यावरून. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, त्याच जाडीचा नवा पत्रा बसवायचा, सीओटू वेल्डिंगने जोडायचा. गॅस वेल्डिंगने आजूबाजूचा पत्रा जास्त तापतो, वाकतो आणि तिथूनच पुन्हा गंजायला लागतो. सिल, चॅनेल अशा ठिकाणी सडक्यावर नुसता तुकडा चिकटवू देऊ नका. जोडावर प्रायमर, सांध्याला सीलंट, मग रंग, खालून अंडरकोटिंग. सिलच्या पोकळीत आतून मेण किंवा तेलकट फवारा मारून घ्या. हे शेवटचं काम कुणी आपणहून करत नाही, मागावं लागतं. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर थेट अंडरकोटिंग मारलं तर गंज डब्यात बंद करून ठेवल्यासारखा आत खात राहतो.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या, नमदा-मॅट बाहेर काढली आणि पेट्रोल टाकी किंवा गॅसची टाकी उतरवली, हे स्वतः उभं राहून बघा. रंग मारण्याआधी नुसत्या वेल्डिंगचे फोटो मोबाइलवर मागा. चांगला कारागीर खुशीने देतो.

खर्च किती झाला तर थांबायचं?

'गाडीच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च नको' असं सगळे सांगतात. मला तो हिशेब पटत नाही. जुन्या व्हॅनची बाजारातली किंमत इतकी कमी असते की साधा क्लच आणि चार टायर यांतच ते निम्मं संपत येतं. दर महिन्याला किती पडतं ते काढा.

समजा आज गाडी आहे तशी ४०,००० ला जाते. पत्रा आणि कागद मिळून ४२,००० लागतात. म्हणजे गाडी ठेवण्यात तुमचे ८२,००० गुंतले. दोन वर्षांनी ती ३०,००० ला गेली तर ५२,००० खर्ची पडले, महिन्याला साधारण २,१७०. पण तीच गाडी चार वर्षं चालली आणि शेवटी २०,००० आले, तर महिन्याला १,२९० च्या आसपास. आता दुसरी बाजू. अडीच लाखांची जुनी ईको घेतली, पाच वर्षांनी १,२०,००० ला विकली, तर महिन्याला पुन्हा २,१७० च. वर कर्ज काढलं तर व्याज वेगळं.

म्हणजे दुरुस्ती किती वर्षं टिकणार या एका उत्तरावर सगळं फिरतं. डेंटरला 'किती घेणार?' च्या आधी 'किती पावसाळे काढेल?' हे विचारा. दोनच म्हणाला तर ठेवा किंवा विका, फरक पडत नाही. मग त्रास कमी कशात ते बघा. चार म्हणाला आणि त्याचं जुनं काम तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असेल तर ठेवा.

इंजिनाची चिंता यात कमी धरा. ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मारुती ८०० च्याच घरातलं. १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षं ही गाडी बनत होती, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक अजून मिळतात. इंजिन उघडून बांधता येतं. सडलेल्या पेटीला तशी सोय नाही.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते ना?

नाही. दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी वयाचे वेगळे निर्बंध आले, त्यांच्या बातम्या ऐकून इथे लोक घाबरून गाड्या मातीमोल विकतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आमची २०२२ मध्ये वाढवून घेतली.

नूतनीकरणाला काय लागतं?

फॉर्म २५, विमा, पीयूसी, आणि पेठ रोडवरच्या आरटीओत गाडी दाखवणं. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. १५ वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं शुल्क ५,००० रुपये आहे. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केलं. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये चढत जातात. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट हवी. चारचाकीसाठी तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर नाव ट्रान्सफरचं कामही अडतं. सीएनजी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट तपासा.

तुमची गाडी १९ वर्षांची असेल तर २० वर्षांनंतरचं वाढीव शुल्क वरच्या हिशेबात आजच धरा.

चेसिस नंबर गंजून पुसट झालाय. चालेल का?

हे आधी बघायला हवं होतं, कारण नंबर वाचता आला नाही तर गाडी पास होत नाही आणि विकताही येत नाही. त्या जागेवर ग्राइंडर, सँडपेपर काहीही लागू देऊ नका. मऊ ब्रश आणि थोडं डिझेल लावून पुसा, फोटो काढा, वर ग्रीस चोपडा. तरीही वाचता येत नसेल तर आरटीओत अर्ज करून परवानगीनेच पुन्हा ठोकून घ्यावा लागतो. गॅरेजवाला 'मी ठोकून देतो' म्हणाला तर लगेच गाडी बाहेर काढा. तो गुन्हा आहे आणि गुन्हा तुमच्या नावावर लागेल.

विकायचंच ठरलं. आधी रंग देऊन घ्यावा का?

नाही, आणि हे मी मनापासून सांगतो. रंगाचे पैसे वसूल होत नाहीत हा एक भाग. पण सडलेल्या सिलवर रंग मारून ती गाडी तुम्ही कुणालातरी देता, तो त्यात बायको-मुलांना बसवून वणीला सप्तशृंगीचा घाट चढतो. काकांची गाडी विकताना आम्ही मॅट काढून ठेवली होती. गिऱ्हाइकाला भोकं दाखवली, स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याच हातात दिला. तिघं परत गेले. चौथा सुट्या भागांसाठी घेऊन गेला आणि आम्ही धरलेल्या किमतीपेक्षा दोनच हजार कमी दिले.

गाडी धुवा, आतून कोरडी करा, सर्व्हिसची बिलं असतील तर लावून ठेवा. एवढं पुरे.

किंमत कशी धरायची आणि कधी विकायची?

तळाची किंमत भंगाराची. ओम्नीचं वजन पावणेआठशे किलोच्या आसपास भरतं. त्यातून काच, रबर, सीट वजा करून त्या दिवसाच्या लोखंडाच्या दराने गुणा. त्याखाली कुणी मागितली तर हात जोडा. वरची किंमत म्हणजे त्याच वर्षाच्या, चांगल्या पत्र्याच्या एमएच-१५ गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ती. जाहिरातीतले आकडे धरू नका.

पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही. दसरा-दिवाळी आणि पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस चांगले. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाचा पैसा हातात आला की मालवाहू व्हॅनला मागणी येते, तेव्हा घाई नसेल तर थांबा. घरगुती गाडी थेट दुसऱ्या माणसाला विकली तर त्यावर जीएसटी नाही. 'टॅक्सचे कापतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

नोटरी करून गाडी दिली तर माझी जबाबदारी संपते ना?

संपत नाही. या एका गैरसमजामुळे साध्या घरांवर लाखांचे दावे आलेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. गाडी मधे चार हात फिरली तरीही.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे अर्ज) सह्या झाल्या, बँकेचा बोजा असल्यास तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि एनओसी लागली, की दलालाच्या भरवशावर सोडू नका. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. आधी ई-चलनं भरा. फास्टॅग काढा आणि खातं बंद करा, नाहीतर त्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जातील. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. आणि नवं नाव ऑनलाइन दिसेपर्यंत घेणाऱ्याकडून पाच-दहा हजार अनामत म्हणून ठेवून घेता आले तर सर्वांत उत्तम.

भंगारवाल्याला दारातूनच देऊन टाकली तर?

तो जास्त पैसे देईल कदाचित, पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते आणि तुमचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरू शकतो. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र (गाडी तिथे जमा केल्याचं) मिळतं. ते दाखवून नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं. वर्षभरात नवी ईको घेणार असाल तर भंगारवाल्याच्या जास्तीच्या पैशांपेक्षा हे प्रमाणपत्र मोलाचं ठरेल.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. भाविकांचं भाडं मारायला ठेवू का?

पांढऱ्या नंबर प्लेटवर भाडं मारणं म्हणजे परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक. दंड १०,००० रुपयांचा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार. त्यातून सडक्या फ्लोअरच्या गाडीत आठ-दहा माणसं कोंबून त्र्यंबकला नेणं, हा विचारच सोडून द्या.

वडील विकू देत नाहीत. काय करू?

त्यांच्याशी किमतीवर वाद घालू नका. त्यांना गाडीच्या खाली घेऊन जा. माझ्या काकांनी सहा महिने ऐकलं नाही. शेवटी रॅम्पवर गाडी चढवली आणि पाट्याजवळ त्यांच्याच हाताने स्क्रू-ड्रायव्हर दाबायला लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नातवंडं बसायची यात.' दुसऱ्या दिवशी त्यांनीच आरसी काढून दिली.

निर्णय होईपर्यंत गाडी वापरू का?

फ्लोअरला भोक असेल तर आधी हे समजून घ्या: ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि सायलेन्सरचा पाइप गाडीच्या पोटाखालून मागे जातो. पाइपही गंजलेला असेल तर धूर भोकातून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळणं, पोरं मागे पेंगणं ही लक्षणं प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात. भोकं आणि सायलेन्सर नीट होईपर्यंत काचा लावून गाडी चालवू नका, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून कुणाला झोपू देऊ नका आणि मागे मुलांना तर बसवूच नका. पाट्याच्या माउंटिंगला भोक निघालं असेल तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.